चार बोटींचा बर्फ एका बोटीत

मंडळी, आज मिरकरवाडा बंदरात मी बर्फावरून शिव्या खाल्ल्या.

जेटीवरच्या कॉम्प्युटरमधल्या बोटींच्या बर्फाच्या मागण्या बर्फ कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर जाव्यात, म्हणून मी जँगोत प्रोग्राम लिहिला. नाव सारखं असलं की बोट एकच, असं धरून मागण्यांची बेरीज करायची. पुण्यात शिकलेलं डोकं, दुसरं काय.

आपल्या बंदरात ‘बिस्मिल्ला’ नावाच्या चार बोटी आहेत.

सकाळी चौघींचा बर्फ एकाच बिस्मिल्लावर चढला. बाकीच्या तिघी चालवणारे तांडेल बर्फाविना अडकले आणि माझा उद्धार करू लागले. मी प्रोग्राम बंद करायला धावलो.

बर्फ मिळालेल्या बोटीचे हमीदचाचा तेवढे पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, बरा चाललाय ना. कशाला हात लावतोस?”

तुमच्या कामाचं इतकं मनापासून कौतुक कधी झालंय का?