नोटरीबाईंचं हळदीकुंकू

"अगं, रेकॉर्डिंग चालू आहे!" बाबा आईवर असे ओरडले की आमच्या इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या घरातून ते पुण्यालाही ऐकू गेलं असावं. पुण्याचा फ्लॅट विकायच्या मुखत्यारपत्रावर त्यांनी नुकतीच ऑनलाइन सही केली होती. स्क्रीनवरच्या ब्रिस्टलच्या नोटरीबाई साधी शिंकसुद्धा नोंदवत. घडेल ते टिपायचं, हा त्यांचा नियमच. पण आईच्या लेखी, स्क्रीनवरून का होईना, घरी आलेली बाई कुंकवाशिवाय कशी जाईल? "फॉरवर्ड, प्लीज," म्हणत आईने लॅपटॉपच्या स्क्रीनवरच कुंकवाचं बोट टेकवलं. बाईंनीही कपाळ असं पुढे केलं, जणू त्यांच्या सात पिढ्या सदाशिव पेठेतल्या! कागद रद्द झाला तर गिऱ्हाईक हातचं जाणार, म्हणून बाबा घाईघाईने स्क्रीनसमोर सरसावले.

"आता सगळं रद्द का हो, मॅडम?"

बाई टाइप करत म्हणाल्या, "नाही. सही वैध आहे. लाल पावडर लावल्याचंही नोंदवलंय."