हळू चाला, कॉपी चाललीय

"ताई, लवकर या. हे बोलेनात…" सुमनवहिनीचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते आणि तव्यावर भाकरी होती. गॅस बंद केला की नाही, हे रिक्षात बसल्यावर आठवेना. दादाच्या घरी पोहोचेपर्यंत मी त्या गॅसचीच काळजी करत राहिले. मोठ्या भीतीकडे बघायची छाती नसली की मन अशी एखादी छोटी भीती धरून बसतं. मी पोहोचले तेव्हा दादा गेलेला होता. झटका मोठा होता, असं डॉक्टर म्हणाले. घरी परतले तर गॅस बंदच होता.

आमचं घराणंच काळजीखोर, पण माझा हा थोरला भाऊ त्यातला म्होरक्या. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात तो तयार माल तपासायचा. तिथली सवय घरी आली होती. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस परत येऊन कुलूप ओढून बघणार, हे गल्लीला पाठ होतं. वहिनी वैतागायची, "अहो, कुलूपच तुटंल एक दिवस!" आम्ही हसायचो. पण आमच्यापैकी कुणीही उशिरा येणार असेल, तर दारात उभा असायचा तो दादाच.

आईच्या पंचाहत्तरीला त्याने आमच्या डोक्याला जो ताप दिला, तो आठवला की आता हसू येतं. पाहुण्यांना स्टीलचे डबे द्यायचे, असं वहिनीने ठरवलं होतं. दादा म्हणाला, डबे सगळेच देतात, आपण आईचा स्लाइड शो देऊ, डीव्हीडीवर. आईचे लग्नापासूनचे फोटो त्याने स्कॅन केले आणि प्रत्येक फोटोवर स्वतःच्या आवाजात माहिती सांगितली. ते भारनियमनाचे दिवस. वीज कधी जाईल, याचा नेम नाही. घाईघाईने रेकॉर्डिंग करताना नेमकी आत कुकरची शिट्टी झाली आणि दादा माइकसमोरच ओरडला, "सुमे, कुकर बंद कर की! आवाज येतोय!" पुन्हा बोलेपर्यंत वीज गेली, तर आहे तेही जाईल, या धास्तीने त्याने ते वाक्य तसंच ठेवलं. वहिनीने त्यावरून दोन दिवस अबोला धरला होता.

पण खरा छळ कॉप्या करताना झाला. त्याच्या कॉम्प्युटरवर एका वेळी एकच डिस्क व्हायची आणि मध्येच वीज गेली की ती वाया. कुणी धप्पकन पाय टाकला तरी हादऱ्याने ती बिघडते, असं त्याने कुठूनसं डोक्यात घेतलं होतं. "हळू चाला, कॉपी चाललीय!" दिवसभर हाच जप. वहिनी शेंगा कुटायला खलबत्ता अंगणात घेऊन बसायची. डिस्क बाहेर आली की हा माणूस ती बाहेरच्या खोलीत प्लेअरवर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. प्रत्येक कॉपी! म्हटलं, अरे, एक चालली म्हणजे सगळ्या चालतील की. तर म्हणाला, "ज्याच्या घरात जाणार त्याच्यासाठी ती एकच हाय की गं." मग त्या डिस्कवर त्याने आईच्या फोटोचं गोल स्टिकर चिकटवलं. मधलं भोक आईच्या नाकावर येऊ नये म्हणून फोटो जरा बाजूला सरकवला, त्यामुळे प्रत्येक डिस्कवर आई कोपऱ्यातून डोकावते.

दादाचं दिवसकार्य झालं आणि एका दुपारी वहिनी मला म्हणाली, "ताई, मला ह्यांचा आवाज आठवेना झालाय." मी चरकले. तिचा चेहरा घाबराघुबरा झाला होता. कसं बोलायचे, ते सगळं आठवतं, म्हणाली, पण कानात काही वाजतच नाही. दादाच्या मोबाइलमध्ये आम्ही शोध शोध शोधलं. सुप्रभातचे फोटो ढिगाने, आवाज कुठेच नाही. घरातले व्हिडिओ काढणारा तोच, आणि काढताना तोंड मिटून असायचा. मग एकदम दोघींनाही डीव्हीडी आठवली.

घरातली कॉपी आईने जाईपर्यंत रोज दुपारी बघून झिजवली होती. कॉम्प्युटर भंगारात जाऊनही जमाना झाला होता. माझी डिस्क काढली, तर सोलापूरच्या उन्हाळ्यांनी स्टिकर फुगून चकाकी सोलून निघालेली. वैरागच्या मामेभावाला फोन केला. तो शरमून म्हणाला, "ताई, ती ज्वारीत टांगली हुती. पाखरं लई यायची. चमकली की पळायची…" एकेक फोन संपला की वहिनी नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. पुढे पुढे मला नंबर लावायचीच भीती वाटू लागली.

राहता राहिली अक्कलकोटची मावशी. आम्ही गेलो तर डिस्क देवघरात! खाली लाल कापड, वर आईच्या फोटोला हळदकुंकवाचे थर. मावशीने ती एकदाही लावली नव्हती. "आक्काचं तोंड हाय त्यावर. ते मशीनमदी कसं कोंबायचं?" दादा तिच्यावर किती चिडायचा, "मावशी, बघायला दिलीय ती, पुजायला न्हवं!" मावशी आताही द्यायला तयार होईना. मशीनने आक्काला गिळलं तर? वहिनी तिच्यापुढे बसली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, त्यात हे हायत." मावशीने डिस्क कापडासकट तिच्या ओंजळीत ठेवली. परतताना एसटीत वहिनीने ती मांडीवरून हलवली नाही. रस्त्यात खड्डा आला की आम्ही दोघीही तिच्यावर हात धरायचो.

प्लेअर माळ्यावर होता, दादानेच जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवलेला. मी डिस्क पुसली. प्लेअरमध्ये घातली. आतून घरघर आली, मग काहीच नाही… मग नवरीच्या वेषातली आई, आणि घसा खाकरून दादा म्हणाला, "नमस्कार. मी वसंत." मला हुंदका फुटला. वहिनी मात्र ताठ बसून होती. तिला त्या एका जागेपर्यंत पोहोचायचं होतं. मध्ये चित्र फुटलं, चौकोन चौकोन झाले, आवाज अडकला. मी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. "सुमे, कुकर बंद कर की! आवाज येतोय!"

"केला, केला बंद," वहिनी म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीच नव्हतं. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मीही गेले नाही.

नव्या पेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्याने स्लाइड शो पेनड्राइव्हवर घालून दिला. डिस्कच्या कॉप्या आता कोण करतं, म्हणाला. वहिनीने ऐकलं नाही, त्याच्याकडून करून घेतल्याच. मावशीची डिस्क आधी तिच्या देवघरात पोहोचली. नव्या कॉप्या घेऊन वहिनी आता रोज बाहेरच्या खोलीत बसते आणि एकेक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासते. परवा मी गेले तेव्हा दारातच तिने हात वर केला. "हळू चाला, ताई." मी चपला काढून पाऊल न वाजवता तिच्याशेजारी जाऊन बसले. शिट्टी झाली, दादा ओरडला, आणि टीव्हीवरची नजर न काढता वहिनी म्हणाली, "केला हो बंद."

मग तिने पुढची डिस्क लावली.