काच की ॲक्रिलिक

समुद्री मासे पाळायचं लेकीला कबूल केलं आणि टाकीसाठी बीडमधल्या एका काचवाल्याकडे गेलो. काच घ्यावी की ॲक्रिलिक, हे ठरत नव्हतं.

माणूस भलताच गंभीर. त्यानं वापरलेलं ॲक्रिलिक तोंडासमोर धरलं, गाल फुगवले आणि माशासारखी तोंडाची उघडझाप केली. ओरखड्यांमागे तो धुरकट दिसला. मग जुनी काच धरून पुन्हा मासा झाला. आता मिशीचा केस न् केस दिसला.

"ॲक्रिलिक सहजी फुटत न्हाई, पण पुसून पुसून ओरखडे पडतेत. काच जपावी लागती. तुमाला टाकी टिकवायचीय का मासा बघायचाय?"

मी काच सांगितली.

फोटोला फ्रेम करायला आलेल्या आजी मात्र हे सगळं काळजीनं बघत होत्या. "लेकरा," त्या त्याला म्हणाल्या, "दवाखान्यात का जात न्हाईस?"