बाबांना दिसलेले ससाणे

सप्टेंबरच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागच्या मेपलवर वटवटे उतरतात. कॅनडाकडून दक्षिणेला निघालेले, पिवळे, अंगठ्याएवढे पक्षी. एका जागी क्षणभर टिकतील तर शपथ. त्या वर्षी बाबा पुण्याहून आले होते. दुर्बीण त्यांच्या हातात देऊन "वरची फांदी, वरची फांदी" करत मी दमले, पण त्यांना एकही सापडेना. मला लहानपणी सिंहगडावर पक्षी दाखवणारा हाच माणूस. आता चष्म्यालाच चष्मा लावा, अशी मी त्यांची चेष्टा केली. ते हसले आणि त्यांनी दुर्बीण परत दिली.

रविवारी त्यांना जवळच्या डोंगरावर नेलं. तिथे हौशी लोक घडीच्या खुर्च्या टाकून, कॉफी पीत, स्थलांतर करणारे ससाणे मोजतात. ससाणे मोठे, ते तरी दिसतील असा माझा हिशोब. पण वाऱ्याने दगा दिला. आकाश स्वच्छ आणि अगदी रिकामं. मोजणीवर बसलेल्या बाई नुसत्याच बसून होत्या.

बाबा मात्र खुशीत. "अगं, केवढे आहेत आज," ते म्हणाले. "तो बघ थवा, डावीकडून खाली चाललाय."

बाईंनी दुर्बीण तिकडे फिरवली आणि मला हळूच सांगितलं की तिथे काही नाही. आधी वाटलं, बाबा माझं मन राखतायत. पोरीने एवढ्या लांब आणलं, हिरमोड नको. मला रागच आला. मग मान वळवून ते म्हणाले, आता थवा इकडे आला. थवा त्यांच्या नजरेबरोबर फिरत होता.

"बाबा, डावा डोळा मिटा."

त्यांनी मिटला. बराच वेळ वर बघत राहिले.

"गेले सगळे," ते म्हणाले.

गाडीत खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. डोळ्यापुढचे काळे ठिपके येतानाच्या विमानातच सुरू झाले होते. मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि सकाळपासून एका कडेला सावली होती. व्हिजिटर इन्शुरन्सवाले जुनं दुखणं म्हणून हात वर करतात, असं पार्कात भेटणाऱ्या काकांनी त्यांना सांगितलं होतं. म्हणून गप्प राहून पुण्यातच दाखवायचा बेत. मी इतकी चिडले की एक्झिट चुकले. मग ससाणे ससाणे काय चाललं होतं, असं विचारलं.

"सगळे वर बघत होते ना," ते म्हणाले. "वाटलं, आज यातले काही तरी खरे असतील."

मी गाडी थेट हॉस्पिटलकडे वळवली. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटत आला होता. इमर्जन्सीतून तसंच ऑपरेशनला नेलं आणि डोळा वाचला.

आता सप्टेंबर आला की ते पुण्याहून विचारतात, वटवटे आले का. मी विचारते, ठिपके किती. "दोनच, जुने. नवा आला की सांगेन," म्हणतात. सांगणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून व्हिडिओ कॉलवर हात पुढे धरून मी त्यांना एकेक डोळा मिटून माझी बोटं ओळखायला लावते.

परवा उजवा डोळा मिटल्यावर उत्तर यायला जरा उशीर झाला. नेटवर्क असेल, असं मी अजून स्वतःला समजावते आहे.