मावशीचे दात

तापट शिंपीणमावशीला हसताना गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. जीन्सची पितळी चेन लांब पडली, की ती खिडकीशी बसून पकडीने वरचे जादा दात उपटायची. आतून नवरा विचारायचा, "काय करतेस गं?" ती खेकसायची, "दात काढतेय!"

त्या दुपारी मांडीवरचे दात चमकले, जणू कुणी ऊनच चिमटीने तोडून ठेवलं होतं. बघता बघता तिची तंद्री लागली. टोकाला अडसर बसवायचा राहिला. रनर वर ओढला, तो सुळकन निसटून हातातच आला. स्वतःच्या वेंधळेपणावर ती खुदकन हसली, अन् हसतच सुटली.

"काय करतेस गं?"

"दात काढतेय!"

नवरा धडपडत दारात आला. "चाळीस वर्षं चेनचेच काढलेस," तो म्हणाला, "आज एकदाचे स्वतःचे काढलेस."