शिरीषाखालचे रहिवासी

मार्चमध्ये मालूमावशी गेल्याचा तिच्या यजमानांचा, काकांचा फोन आला, तेव्हा मनात पहिल्यांदा आलं, सुटली बिचारी. मग माझाच मला राग आला. तिला कुठे सुटायचं होतं? तिला फक्त खाली उतरायचं होतं.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही माझी मावशी दर उन्हाळ्यात टेकडीवर सिकाडा ऐकायला जायची. ठिपकेदार पंखांचा, झाडाच्या सालीवर बसला तर समोर असून न दिसणारा हा किडा भर उन्हात असा कोकलतो, की लोक कानात बोटं घालतात. ती म्हणायची, "अगं, पिल्लं वर्षानुवर्षं मातीत, मुळांचा रस पीत काढतात. बाहेरचे दिवस मोजकेच. ओरडणारच!" मग गुडघे गेले, टेकडी सुटली. कोथरूडच्या त्या फ्लॅटमधून एकटीने खाली जायचीही तिला बंदी झाली. पडलीस तर? या प्रश्नापुढे घरात कुणाचं काही चालत नसे. उरला तो सोसायटीतला शिरीष. त्याच्या मुळाशीही दर उन्हाळ्यात थोडे सिकाडा निघायचे...

गेल्या दिवाळीत, चिखल नको म्हणून, सोसायटीने शिरीषाच्या अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. मावशी गॅलरीतून ओरडली, "अहो अध्यक्ष, खाली राहतात ते वर कसे येणार?"

"कोण राहतं तिथे?"

"तुमच्या आधीपासूनचे रहिवासी. मेंटेनन्स भरत नाहीत, एवढंच."

अध्यक्ष हसले, पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाले. मीटिंगा झाल्या, पार्किंगवरून भांडणं झाली, ब्लॉक तिथेच. "उन्हाळ्याच्या आत निघायला हवेत गं," प्रत्येक फोनवर मावशीचं तेच. शेवटच्या भेटीत तर माझा हात धरून रडली. त्या खोलीत मलाच गुदमरायला झालं.

तेराव्यानंतर कमिटीची मंडळी भेटायला आली. चहा घेऊन उठताना, सगळेच म्हणतात तसं अध्यक्ष म्हणाले, "काका, काही लागलं तर हक्काने सांगा."

जन्मात कुणाकडे काही न मागितलेले काका म्हणाले, "लागतंय ना. झाडाखालचे ब्लॉक काढून द्या. आजच."

नाही म्हणायची सोय नव्हती. ब्लॉक निघाले. खालची माती पार दडपून दगड झाली होती. काका रोज तिथे पाणी घालतात.

आता मे अर्धा सरला, शिरीष अजून गप्पच आहे. ऐकू यावं म्हणून दुपारी पंखा बंद करून बसायची मावशीची सवय काकांनी उचलली आहे. काल मी भेटायला गेले तर काका गॅलरीच्या दारात बसलेले, सदरा घामाने भिजलेला. मी न राहवून पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको गं," ते म्हणाले. "आत्ता लावशील, आणि नेमका आत्ताच एखादा..."

मी हात मागे घेतला आणि त्यांच्या शेजारी बसले.