किरणताई, आत या!

आमच्या घराण्यात मॅमोग्राफी करून घेणारा पहिला माणूस मी.

'माणूस' हा शब्द इथे मी विचारपूर्वक वापरला आहे. मला मिशा आहेत. (भरघोस आहेत; पूर्वी काळ्याही होत्या.) तरुणपणी मी पेणच्या खाडीपट्ट्यातल्या आमच्या गावच्या कबड्डी संघात होतो. चढाईला आलेला गडी माझ्या छातीवर आदळला की थेट आपल्या आईचं नाव घ्यायचा! आता धरमतरजवळच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, पण छातीचा अभिमान तसाच आहे. काहीही सांगायचं ते छाती ठोकून, मग ते खोटं का असेना.

आमच्याकडे छाती फक्त पुरुषाला असते. बाईला नसते. बाईला 'इथं' असतं. "तिला इथं कायतरी झालंय गो," असं आवाज खाली करून, पदर सावरत सांगितलं की समोरच्या बाईला सगळं कळतं. पुरुषाला काहीही कळत नाही, आणि कळू नये अशीच सगळी व्यवस्था आहे.

तर एके सकाळी आंघोळ करताना साबण माझ्या छातीच्या डाव्या बाजूला अडखळला. बोंडाच्या मागे वालाच्या दाण्याएवढी टणक गाठ! दुखत नाही, खुपत नाही, जागची हलतही नाही. मी आमच्या संघाचा जुना कप्तान बाळ्या याला दाखवली. त्याने अंगठ्याने दाबून पाहिली आणि डोळे मिटून निदान केलं.

"खांब गावच्या मॅचमधला मार हाय तो. जुना मार असाच वर येतो."

खांबची मॅच झाली तेव्हा आमचं दोघांचंही लग्न व्हायचं होतं. एवढी वर्षं हा मार नेमका कुठे मुक्कामाला होता, हे मी विचारलं नाही. बाम चोळला, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. गाठ तशीच. उलट काही दिवसांनी बोंड आत ओढल्यासारखं दिसायला लागलं. मी वरून बनियन घातला आणि प्रश्न मिटवला.

मिटलेला प्रश्न उघडला माझ्या बायकोने, आणि तोही फोनवर. वनिता रोह्याला तिच्या आईशी बोलत होती.

"आये, शाळंत बायांच्या तपासणीचा कॅम्प लागतोय. जाऊन ये."

"मला काय दुखत नाय. मी नाय जायची!" सासूबाईंचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू आला.

"अगो, दुखत नाय म्हणूनच जायचं! दुखलं की माणूस दाखवतोच. न दुखणारी टणक गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, असलं काय दिसलं की लगेच डॉक्टर. आनि काय दिसलं नाय तरी तुझ्या वयात तपासून घ्यायचं. बारीक असतं तेव्हाच सापडलं तर बरं होतं."

मी दाढी करत होतो. वस्तरा गालावर थांबला. ती बोलत होती आईशी, आणि वर्णन चाललं होतं माझ्या बनियनच्या आतलं!

पुरुषाला हे होतं का, हे विचारायचं तरी कुणाला? वनिता घाबरली असती. बाळ्या हसला असता. पेणच्या डॉक्टरकडे जावं तर तिथला कंपाउंडर आमच्या भावकीतला. मी जिना उतरायच्या आत बातमी वडखळ नाक्यावर पोचली असती. मग ठरवलं, त्या रोह्याच्या कॅम्पलाच जायचं. रोह्यात आपल्याला कोण ओळखतं? (रोहा ही माझी सासुरवाडी. तिथे मला टपरीवरचं कुत्रंही ओळखतं. पण माणूस घाबरला की डोकं रजेवर जातं.) सासूबाई तर येणारच नव्हत्या. वनिताला सांगितलं, "कोलाडला जरा काम आहे," आणि स्कूटरला किक मारली.

शाळेच्या हॉलमध्ये बायकाच बायका. दारातल्या टेबलावर एक मुलगी मान खाली घालून भराभर लिहीत होती.

"नाव?"

"किरण."

"वय?"

"त्रेपन्न."

"पाळी?"

मला वाटलं, काय बारकाईने चौकशी करतात! "काल रात्रपाळी होती," मी म्हणालो.

"म्हणजे नियमित नाही?"

"आठवड्याला बदलते. सुपरवायझर सांगेल तशी. म्हणजे मीच."

मुलीने मान वर केली. मिशा पाहिल्या. "काका, सोबत आलेल्या पुरुषांनी बाहेर मंडपात बसायचंय."

"सोबत कुणी नाही. पेशंट मीच आहे," मी छाती चोरून म्हणालो. असं बोलायची ही माझी पहिलीच वेळ. तिने पेन चावलं, माझा कागद आत पाठवला आणि मला कडेच्या बाकावर बसवलं. मी वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड घातलं. ते उलटं धरलंय हे शेजारच्या बाईंनी सांगितलं.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. "जावईबापू? तुमी हिकडं?"

सासूबाई!

ही बाई माझ्या लग्नापासून माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसलेली नाही. माझ्याशी बोलते ती दाराआडून, आणि तेही भिंतीला उद्देशून. "च्या घेतील का म्हणावं." भिंतीने उत्तर दिल्यासारखं मी "घेईन म्हणावं" म्हणायचं, असा आमचा संवाद. आणि आज आम्ही दोघं समोरासमोर, असल्या रांगेत! माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हालाच सोबत करायला आलो, आई."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "फोनवर नाय म्हणाले, पन मन लागंना. पोरीला न सांगता आले. तुमाला कसं कळलं?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी हॉलकडे वळून जाहीर केलं, "बघा गो! माझा जावई! पेणवरनं आलाय, सासूच्या सोबतीला!"

झालं! बायका मला बघायला उठल्या. "नशीबवान हास गो!" एकीने माझ्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवली. दुसरीने तिथूनच आपल्या जावयाला फोन लावून झापलं. आता उठून पळावं तर रोह्यात इभ्रत जाईल, बसावं तर आतून कधीही बोलावणं येईल. मी चिक्की चावत देवाची प्रार्थना केली की माझा कागद हरवू दे.

तो हरवला नाही. माईक खरखरला. "किरणताई! किरणताई, आत या!"

कुणी उठलं नाही.

"किरणताई! कोण आहेत किरणताई?"

"कोण गो ती?" सासूबाईंनी मान उंचावली. "ऊठ ना बाय, लाजतेस कशाला? सगळ्या बायाच तर हाव!" मग कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "गंमत बघा, तुमचं पन नाव किर..."

आणि त्या थांबल्या. मी उभा राहिलो.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ती पण हसली असती. आधी कोपऱ्यातून एक खुसखुस, मग फुसफुस, मग सगळा हॉल. माझे कान तापले. कबड्डीत मी मैदान सोडून कधी पळालो नव्हतो, पण त्या क्षणी दाराचं अंतर डोळ्यांनी मोजून झालं होतं.

सासूबाई उठल्या. पदर कमरेला खोचला. "काय गो दात काढता? बापयाला छाती नसते? त्याला काय झालं असेल तर त्यानं कुठं जायचं, ढोरांच्या डॉक्टरकडं?" सगळे दात आत गेले! मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि भिंतीकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला. मी हाय."

आतल्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी गाठ तपासली, काखेत चाचपून पाहिलं आणि विचारलं, "आईकडे किंवा वडिलांकडे कुणाला छातीचा आजार?"

"माझी धाकटी मावशी छातीच्या दुखण्याने गेली," मी सांगितलं. "म्हणून तर मी हार्टला जपतो. तळलेलं बंद आहे माझं."

"हार्टच होतं, नक्की?"

त्यांनी तिथूनच गावी माझ्या म्हाताऱ्या आईला फोन लावायला सांगितला. म्हातारीला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावला.

"हार्ट? नाय रे!" म्हातारी ओरडली. "तिला इथं झालेलं!"

"इथं म्हणजे कुठं?"

"इथं रे! बायांचं! तू बापया, तुला काय सांगायचं त्यातलं?"

म्हणजे एका शब्दाची लाज वाटली म्हणून आमच्या घरात कॅन्सरचं हार्ट झालं होतं, आणि त्या हार्टपायी मी इतकी वर्षं तळलेली सुरमई सोडून उकडलेली भाजी खात होतो! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा धोका मुलीकडे येतो तसा मुलाकडेही येऊ शकतो. पुरुषांत हा आजार क्वचित होतो, पण होतो. आणि पुरुष 'जुना मार आहे' म्हणत फार उशिरा येतात." यांना बाळ्या कुठे भेटला, मला कळेना.

मग ते मॅमोग्राफीचं मशीन. दोन पाट्यांमध्ये छाती दाबून फोटो काढतात. पण दाबायला हाताशी काहीतरी लागतं ना! तंत्रज्ञ बाई मला कधी पुढे ओढत होती, कधी तिरपा करत होती. "काका, जरा अंग ढिलं सोडा." आयुष्यभर फुगवलेली छाती एका दिवसात ढिली कशी सोडणार? "श्वास रोखा," ती म्हणाली. तेवढं एक मला उत्तम जमलं.

सासूबाईंचा फोटो स्वच्छ आला. माझा स्वच्छ आला नाही.

मी पेणला पोचलो तेव्हा वनिता दारातच उभी होती. रोह्याहून तिला किती फोन आले असतील ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"झालं कोलाडचं काम?" तिने विचारलं आणि ती रडायलाच लागली. मग मीही रडलो. ओटीवर उभं राहून, मिशांसकट.

पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सुईची तपासणी झाली आणि तो कॅन्सरच निघाला. मी घाबरलो. छाती ठोकून सांगतो, फार घाबरलो. लेकीचं लग्न डोळ्यांसमोर आलं आणि त्यात मी कुठेच दिसेना. पण गाठ लहान होती, काखेत पसरलेली नव्हती. ऑपरेशनमध्ये डावी बाजू काढून टाकली, गोळ्या सुरू झाल्या. सर्जन म्हणाले, "वेळेत आलात, म्हणून सोपं गेलं." सासूबाई महिनाभर पेणला येऊन राहिल्या, समोर खुर्चीत बसून मला सुरमई तळून वाढायच्या आणि ताट संपेपर्यंत हलायच्या नाहीत. माझ्या बहिणी आणि लेक, सगळ्या सल्ल्याला आणि तपासणीला जाऊन आल्या; सगळ्या ठणठणीत. माझेही त्यानंतरचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत. लेकीच्या लग्नात मी इतका नाचलो की व्याह्यांनी वनिताला विचारलं, "मग आजारी होते ते कोण?"

यंदा आमच्या आळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला मला भाषणासाठी बोलावलं. मी माईक हातात घेतला आणि आवाज खाली न करता 'स्तनाचा कॅन्सर' असं खणखणीत म्हणालो. दोन बायकांनी पदर सावरला, बाकीच्यांनी कान टवकारले. आरशासमोर उभं राहून काय बघायचं, बोटांनी कसं चाचपायचं, कुठल्या वयात फोटो काढायचा ते डॉक्टरांना कसं विचारायचं, सगळं सांगितलं. टाळ्या अशा पडल्या की कबड्डीच्या फायनललाही पडल्या नव्हत्या! त्या आठवड्यात आळीतल्या बायका टेम्पो भरून तपासणीला गेल्या, आणि मागच्या फळीवर, तोंडाला रुमाल बांधून, बाळ्याही.

पाहुण्यांचा मान म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांनी माझी ओटी भरली होती. पाहुणा पुरुष आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही. नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. मी सगळं मोठ्या मानाने घरी आणलं आणि खण जपून कपाटात ठेवायला निघालो.

वनिताने तो हातातून काढून घेतला. "माझ्याकडं द्या. तुम्हाला आता अर्धाच लागेल!"